‘पास आउट’ झाला की पडला?

नोकरीच्या अर्जात आमची मुले हमखास लिहितात : ‘आय पास्ड आउट इन २०२३.’ पुण्याच्या कंपनीत हे वाचणाऱ्याला मुलाचे शिक्षण त्या साली पूर्ण झाले हे लगेच कळते. जाहिरातीच ‘२०२३ पासआउट’ अशा निघतात. पण हाच अर्ज न्यूयॉर्कच्या साहेबापुढे गेला, तर त्याला वाटेल, उमेदवार त्या साली चक्कर येऊन पडला होता! कारण तिकडच्या रोजच्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे.

ही गंमत पवनानगरला केवळ पुस्तकी राहिलेली नाही. धरणाच्या काठी तंबूंचा धंदा वाढल्यापासून इथली कितीतरी मुले शनिवार-रविवारी तिथे कामाला जातात. पाहुणे मुंबई-पुण्याचे, बोलणे निम्मे इंग्रजी. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलेली हकिकत आहे. रात्री एक पाहुणी धावत आली आणि म्हणाली, ‘माय फ्रेंड पास्ड आउट!’ याने हसून अभिनंदन केले. ती रडायला लागली तेव्हा कुठे तो तंबूकडे पळाला. मैत्रीण दिवसभर उपाशीपोटी तिकोना चढून आली होती. आडवे ठेवून पाय जरा उंच केल्यावर ती शुद्धीवर आली, म्हणून ही गोष्ट हसण्यावारी गेली. पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाबद्दल कोणी हेच म्हटले असते तर? तिथे श्वास चालू आहे का ते पाहायचे आणि १०८ला फोन लावायचा. अभिनंदनाला वेळ नसतो.

मग आपला अर्थ चुकीचा का? मुळीच नाही. तो फौजेतून आला. प्रशिक्षण संपवून कॅडेट संचलन करीत बाहेर पडतात, ती ‘पासिंग आउट परेड’. इंग्रजही सैन्याबाबत हा शब्द याच अर्थाने वापरतात. आपण तर त्याच्या शेजारी राहतो : लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी, पलीकडे खडकवासल्याला एनडीए. ३० मे २०२५ रोजी एनडीएतून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या, तेव्हा कोणाला त्या बेशुद्ध पडल्या असे वाटले नाही. (आमच्या वर्गातल्या मुलींनी ती बातमी कापून फळ्याशेजारी लावली होती.) परेडचा हा शब्द आपण कॉलेजला लावला, इतकेच.

उर्दू घरांना यात नवल वाटू नये. मदरशातला मुलगा शिक्षण संपवून ‘फारिग’ होतो. फारिग म्हणजे मोकळा. हाच शब्द ‘फारिगखती’तून मराठीत आला आणि त्याची ‘फारकत’ झाली. एकाच शब्दाने एका घरात दस्तारबंदीची मिठाई वाटली जाते, दुसऱ्या घरात संसार मोडतो. फारिग होण्याचा आणखीही एक घरगुती अर्थ आहे, तो वर्गात कोणी विचारला की आम्ही पुढचा धडा काढतो.

तेव्हा घरी-दारी खुशाल पास आउट म्हणावे. परदेशी जाणाऱ्या अर्जात मात्र ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२३’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ लिहावे. दहावीसाठी ‘आय पास्ड टेन्थ’ पुरे. त्यातला ‘आउट’ खरोखरच आउट करावा. आणि कोणाला घेरी आली, तर ‘फेंटेड’ म्हणावे. त्यात दुसरा अर्थ निघत नाही.

‘पास अवे’ हे आणखी वेगळे. ते निधनासाठी. एका जागेहून दुसरीकडे जाणे, हा आपल्या ‘इंतिकाल’चाही मूळ अर्थ आहे. हे सांगितले त्या दिवशी नववीतल्या एका मुलीने घाबरून विचारले, ‘मग फॉर्मवर इयर ऑफ पासिंग असते ते काय?’ तिथे, मुलांनो, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे साल लिहायचे. चार आकडी आणि गुणपत्रिकेवर असेल तेच.