ग्राफिक्स कार्ड: नाव एक, माल दोन



बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांमध्ये एक मागणी हमखास पुढे येते: "कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकून द्या ना." यंदा आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांतून ही मागणी आमच्यापर्यंत पोहोचली, आणि प्रत्येक वेळी एकाच कार्डाबद्दल. ते म्हणजे एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ५०६० टीआय, जे १६ एप्रिल २०२५ रोजी बाजारात आले. मुलांना ते हवे आहे, पालकांना चाळीस हजारांच्या आसपासचा आकडा ऐकून घाम फुटतो आहे. मंडळाच्या खोलीत सलग दोन रविवार यावर वाद झाला. त्यातून जे हाती लागले ते इथे सांगतो आहोत.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी याच कार्डाच्या आधीच्या पिढीच्या वेळी इथल्या एका कुटुंबाने आमचा सल्ला विचारला होता. त्या कार्डाचेही दोन प्रकार होते, एक ८ जीबी मेमरीचा आणि एक १६ जीबीचा. दुकानदार म्हणाला, "नाम तो एक ही है भिया, सस्ता वाला ले लो." आम्हीही मान डोलावली. वर्षभरातच नवे गेम अडखळू लागले. मुलगा काही बोलला नाही, मुकाट्याने एकेक सेटिंग कमी करत राहिला. वडिलांना वाटले मशीन बिघडले, म्हणून त्यांनी ते दुरुस्तीला नेले. बिघाड कसलाच नव्हता. मेमरी पुरत नव्हती, एवढेच. तो सल्ला आमचा होता, म्हणून या वेळी नीट अभ्यास करून लिहीत आहोत.

कार्ड करते काय?

गेममधले चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिरचित्रे, सिनेमासारखीच. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम आल्या की हालचाल सहज वाटते, ३० आल्या तर चालून जाते, त्याखाली डोळ्यांना त्रास होतो. साध्या फुल एचडी मॉनिटरवर एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख ठिपके असतात आणि त्या प्रत्येकाचा रंग ठरवावा लागतो. हे काम कार्डावरची चिप करते.

चिपला काम करायला सामान लागते: भिंतींचे पोत, चेहरे, झाडे, सावल्या. ते सामान कार्डावरच्याच मेमरीत ठेवलेले असते. स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. चिप म्हणजे स्वयंपाक करणारी बाई आणि मेमरी म्हणजे तिच्या हाताशी असलेला ओटा. ओटा पुरेसा असेल तर काम झपाट्याने होते. ओटा भरला की प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढावे लागते. बाई तीच, हातही तेवढाच चपळ, पण जेवण उशिरा होते.

५०६० टीआयच्या दोन्ही प्रकारांत चिप तीच आहे. दोन्हींत ४,६०८ कोअर आहेत, दोन्हींच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. फरक फक्त ओट्याचा: एकाला ८ जीबी, दुसऱ्याला १६ जीबी. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत अनुक्रमे ३७९ आणि ४२९ डॉलर.

पैशांचा हिशेब

डॉलरची किंमत पाहून मुले म्हणतात, "बाबा, बत्तीस हजारच तर आहेत." तसे नसते. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. डॉलर ८५ रुपये धरला तर ३७९ डॉलरचे होतात ३२,२१५ रुपये, जीएसटी धरून सुमारे ३८,०००. ४२९ डॉलरचे जीएसटीसह सुमारे ४३,०००. दुकानातली किंमत कार्ड बनवणाऱ्या कंपनीनुसार आणि पंख्यांच्या संख्येनुसार आणखी वर-खाली होते. म्हणजे दोन प्रकारांत फरक साधारण पाच हजारांचा. वाद या पाच हजारांचाच होता.

"आठ पुरते" म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू अगदीच चुकीची नाही. आपली बरीच मुले व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा जीटीए ५ खेळतात. फुल एचडी मॉनिटरवर या खेळांना ८ जीबी भरपूर होते. शिवाय हे कार्ड आधीच्या ४०६० टीआयपेक्षा साधारण पंधरा-वीस टक्के वेगवान आहे आणि ८ जीबी प्रकाराची किंमत त्याच्या ३९९ डॉलरपेक्षा वीस डॉलरने कमीच आहे. एका काकांनी सरळ विचारले, "पाच हजारांत चांगली खुर्ची येते. मुलाची पाठ महत्त्वाची की सावल्या?" त्यावर क्षणभर सगळेच गप्प झाले.

पण मग आम्ही मागे वळून पाहिले. २०१६ च्या जूनमध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०७० आणले, तेव्हा त्यात ८ जीबी मेमरी होती आणि किंमत होती ३७९ डॉलर. नऊ वर्षांनी तीच मेमरी, तीच किंमत. महागाई धरली तर आजचे ३७९ डॉलर तेवढे जड नाहीत, आणि चिप तर कितीतरी पुढे गेली आहे. तरी ओटा तेवढाच राहिला आणि स्वयंपाक मात्र चौपट वाढला. २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पासून ८ जीबीची अडचण उघड दिसू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' साठी ८ जीबी ही किमान गरज सांगितली आहे. आज जी किमान गरज आहे, तीच तीन-चार वर्षे वापरायच्या नव्या वस्तूत घ्यावी का, हा खरा प्रश्न.

आपल्या जुन्या मशीनची गोष्ट

हा मुद्दा दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांतले पीसी लॉकडाउनच्या काळात, ऑनलाइन शाळेसाठी असेंबल करून घेतलेले आहेत. त्यांतले पुष्कळसे इंटेलच्या दहाव्या पिढीचे किंवा एएमडीच्या बी४५० मदरबोर्डचे आहेत. या मशीनमध्ये कार्ड ज्या खाचेत बसते, तिचा वेग पीसीआय एक्सप्रेस ३ चा असतो. नवे कार्ड पीसीआय एक्सप्रेस ५ चे आहे, पण ते आठच मार्गिका वापरते.

आकड्यांत पाहू. नव्या मदरबोर्डवर या आठ मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ३२ जीबी माहिती जाते, जुन्या बोर्डवर सुमारे ८ जीबी. कार्डावरच्या मेमरीचा वेग मात्र ४४८ जीबी. सामान कार्डावरच्या मेमरीत मावत असेल तर खाच जुनी असल्याचा फारसा फरक पडत नाही. ते मावेनासे झाले की मशीनच्या रॅममधून आणावे लागते, आणि तेव्हा ही अरुंद वाट आडवी येते. म्हणजे ८ जीबीचे कार्ड जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त अडखळते. गंमत अशी की पाच हजार वाचवायला निघणाऱ्या घरात मशीन बहुधा जुनेच असते.

"चौपट फ्रेम" म्हणजे काय?

जाहिरातीत मोठमोठे आकडे दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतके काम करील. त्यामागे फ्रेम जनरेशन नावाचे तंत्र आहे, आणि ते ५०६० टीआयमध्येही आहे. चिप एक खरी फ्रेम काढते आणि पुढच्या खऱ्या फ्रेमपर्यंतच्या जागेत तीन अंदाजी फ्रेम भरू शकते. पडद्यावर आकडा चौपट दिसतो.

हे तंत्र खोटे नाही. चित्र खरोखर गुळगुळीत दिसते. पण अंदाजी फ्रेमला तुमच्या माउसची खबर नसते. खऱ्या फ्रेम सेकंदाला ३० असतील तर आकडा १२० दिसेल, हाताला मात्र गेम ३० चाच, किंबहुना थोडा अधिक संथ लागेल. खऱ्या फ्रेम ५०-६० असतील तेव्हाच या तंत्राचा उपयोग होतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: या तंत्रालाही मेमरी लागते. ८ जीबी आधीच भरलेले असताना ते सुरू केले की मदत होण्याऐवजी अडचण वाढते. ज्या गुणासाठी नवे कार्ड विकले जाते, तोच गुण त्याच्या छोट्या भावात लंगडा पडतो.

आमचे मत

दोन रविवारांनंतर आमचे एकमत झाले ते असे. मूल फक्त हलके गेम खेळत असेल, तर ३८ हजारांचे कार्ड हवेच कशाला? इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला जाहीर झाले आहे. मात्र ते जुन्या मदरबोर्डवर नीट चालत नाही, त्यासाठी बोर्डात 'रिसायझेबल बार' नावाची सोय असावी लागते, तेवढे आधी पाहून घ्या. आहे त्या कार्डावर आणखी एक वर्ष काढणे हाही उत्तम मार्ग आहे.

आणि मूल मोठे गेम खेळणार असेल किंवा कामासाठी वापरणार असेल, तर १६ जीबीच घ्या. आपल्यातली एक मुलगी आर्किटेक्चरला आहे. ब्लेंडरमध्ये मोठी इमारत उभी करताना तिला वेगापेक्षा मेमरीच आधी कमी पडते. मंडळाच्या गणेशोत्सवाचे व्हिडिओ जोडणाऱ्या आपल्या मुलांचाही अनुभव तसाच आहे. जून २०२५ मध्ये एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी आले, त्याच्या १६ जीबी प्रकाराची जाहीर किंमत ३४९ डॉलर, म्हणजे ८ जीबीच्या ५०६० टीआयहूनही कमी. नुसते गेमच खेळायचे असतील तर त्याचा भाव आधी काढा. ब्लेंडरसारख्या कामासाठी मात्र एनव्हिडियाला सॉफ्टवेअरची साथ अजून जास्त मिळते.

थोडक्यात, ८ जीबीचे ५०६० टीआय हे मधल्या मधे अडकलेले कार्ड आहे. हलक्या खेळांना ते महाग पडते आणि जड खेळांना अपुरे. ३८ हजारांचे कार्ड तीन वर्षांत बदलावे लागले तर वर्षाला साडेबारा हजारांहून जास्त पडले. ४३ हजारांचे पाच वर्षे चालले तर वर्षाला ८,६००. किती वर्षे चालेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण हिशेब याच पद्धतीने करावा.

दुकानात जाण्याआधी

पहिले, मॉनिटर पाहा. तो ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम पूर्ण दिसणारच नाहीत. अशा वेळी आधी मॉनिटर बदलणे शहाणपणाचे ठरू शकते.

दुसरे, एसएमपीएस पाहा. हे कार्ड १८० वॅटपर्यंत वीज घेते आणि कंपनी ६०० वॅटचा एसएमपीएस सुचवते. जुना साधा एसएमपीएस असेल तर त्याचा खर्च हिशेबात धरा. रोज तीन तास पूर्ण भाराने खेळले तर महिन्याला सुमारे १६ युनिट फक्त कार्डाचे होतात.

तिसरे, कॅबिनेटमध्ये हवा खेळते का ते पाहा. इंदूरच्या मे महिन्यात बंद खोलीत कोणतेही कार्ड तापते, आणि तापले की आपला वेग आपणच कमी करते.

चौथे, बिल पक्के घ्या आणि त्यावर '१६ जीबी' हे शब्द लिहून घ्या. खोक्यावरचे नाव दोन्हींचे सारखेच असते, मेमरीचा आकडा एका कोपऱ्यात असतो. वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात, हेही तिथेच विचारा.

शेवटचे सांगणे पालकांना. "हे खेळणे कशाला?" म्हणून विषय झटकू नका. मुलाला कागद द्या आणि विचारा: कोणते गेम, कोणते काम, किती वर्षे, आणि आपल्या मशीनची खाच कोणती? उत्तरे त्याने लिहून आणावीत. मुलांनाही एक सांगणे आहे. गेम अडखळायला लागला तर गप्प बसून सेटिंग कमी करत राहू नका, घरात सांगा. त्या मुलाने वेळेवर सांगितले असते तर वडिलांचा दुरुस्तीचा हेलपाटा वाचला असता, आणि आम्हाला आमची चूकही लवकर कळली असती.

कोणाला आपल्या मशीनबद्दल शंका असेल तर रविवारी सकाळी मंडळात या. मदरबोर्डचे नाव आणि एसएमपीएसवरचा आकडा लिहून आणा, एकत्र बसून पाहू.