उठबस टिकवणारा व्यायाम

डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना व्यायाम सुचवताना ‘त्यानं स्मरणशक्ती सुधारेल’ असं सर्रास सांगितलं जातं. हे आश्वासन पुराव्यावर टिकत नाही आणि त्याच्या नादात व्यायामाचा खरा उपयोग बाजूला पडतो, असं माझं ठाम मत आहे. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधल्या ‘डापा’ चाचणीचे निष्कर्ष आले. सौम्य ते मध्यम डिमेन्शियाच्या ४९४ रुग्णांपैकी ३२९ जणांकडून चार महिने, आठवड्यातून दोनदा, चांगला दमवणारा व्यायाम करून घेतला होता. त्यांचा दमसास वाढला, सहा मिनिटांत ते जास्त अंतर चालू लागले. वर्षअखेरीस बुद्धीची घसरण मात्र थांबलेली नव्हती; गुण उलट किंचित वाईटच होते. रोजच्या व्यवहारातही फरक पडला नाही. मग म्हाताऱ्या माणसाला कशाला छळायचं, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

त्याचं उत्तर मला फिनलंडमध्ये सापडतं. ‘फिनालेक्स’ या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीदारासोबत घरीच राहणारे २१० अल्झायमर रुग्ण होते. सत्तर जणांकडे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी जात, तासभर व्यायाम घेत, आणि हे पूर्ण वर्षभर चाललं. सत्तर जणांनी गटानं व्यायाम केला, उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. स्वावलंबन मोजणाऱ्या १८ ते १२६ गुणांच्या पट्टीवर नेहमीच्या सेवेतले रुग्ण वर्षात सरासरी १४.४ गुणांनी खाली आले, घरी व्यायाम करणारे ७.१ गुणांनी. म्हणजे घसरण सगळ्यांचीच झाली. काहींची निम्म्या वेगानं. पडण्याचं प्रमाण नेहमीच्या सेवेत माणशी वर्षाला ३.०७ होतं, घरी व्यायाम करणाऱ्यांत १.३५. हे आकडे मला कुठल्याही स्मरणचाचणीपेक्षा मोलाचे वाटतात, कारण घरच्यांचं कंबरडं मोडतं ते रुग्ण नावं विसरतो म्हणून नव्हे, तर त्याला कमोडवरून उठवावं लागतं म्हणून. दोन अभ्यासांची सरळ तुलना करता येत नाही, हे कबूल. तरीही एकातला करून घेतलेला व्यायाम चार महिन्यांत संपला आणि दुसऱ्यातला वर्षभर रुग्णाच्या घरात चालला, हा फरक मला निर्णायक वाटतो.

‘पण त्यांना शिकवलेलं लक्षातच राहत नाही’ हा आक्षेप नेहमीचा. अल्झायमरमध्ये सकाळची घटना पुसली जाते, पण अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या वेगळ्या भागांत असतात आणि बराच काळ शाबूत राहतात. खुर्चीतून उठण्याचंच घ्या. बूड पुढे सरकवायचं, पावलं मागे घ्यायची, पुढे झुकायचं, मग हातांनी रेटा देऊन उभं राहायचं. हे तोंडानं एका दमात सांगितलं तर रुग्ण गोंधळतो. समोर बसून स्वतः करून दाखवावं, एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी, आणि तो विचारात पडला तर थांबावं; पुष्कळदा शरीर आपसूक उठतं. कालचा व्यायाम त्याला आठवला नाही तरी मांडीच्या स्नायूंना त्याचा फायदा झालेलाच असतो. पडण्याची धास्ती खरी आहे, म्हणून मजबूत, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवावी आणि माणूस शेजारी उभा असावा. सक्तीनं बसवून ठेवलं तर मात्र पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याचा धोका वाढतोच.

सगळ्यात वजनदार आक्षेप घरच्यांचा आहे: आधीच जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हे कोण करणार? भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे आणि त्यांचं बहुतेक सगळं बायका, सुना, मुलीच करतात. फिनलंडमध्ये हे ओझं जोडीदारावर टाकलं नाही, बाहेरून प्रशिक्षित माणूस आला, आणि तरीही आरोग्य व समाजसेवेचा एकूण खर्च वाढला नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘रोज थोडं चालवत जा’ एवढं सांगून मोकळं होऊ नये. आठवड्यातून दोनदा कोण येणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही तिथंच ठरायला हवं.