घाटातल्या फुटाण्यांची किंमत

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातलं लऊळ हे गाव एकाएकी देशभर गाजलं. माजलगाव तालुक्यातल्या या गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या गच्च्यांवर नेत होती आणि काही पिल्लं वरून पडून मरत होती. समाजमाध्यमांवर मेलेल्या पिल्लांचा आकडा अडीचशेपर्यंत गेला, ‘वानरांचा सूड’ अशी कथा रंगली. त्या आकड्याला ठोस पुरावा नव्हता, सूडालाही नव्हता. वन विभागाने दोन वानरं पकडून नेली आणि चर्चा थांबली. पण वानरांची माणसाशी एवढी सलगी होते कशी, हे कुणी फारसं विचारलं नाही. एक कारण आपल्याच हातच्या खाऊत आहे.

काळ्या तोंडाचं वानर मुळात पाला खाणारं. त्याच्या पोटात कप्पे असतात आणि तिथले जिवाणू पाला आंबवून पचवतात. म्हणून त्याचा बराचसा दिवस कोवळे शेंडे, फुलं, शेंगा, उंबरं खाण्यात आणि मग सावलीत बसून ते जिरवण्यात जातो. आपण दिलेल्या बिस्किटातल्या मैद्याने आणि साखरेने चार घासांत पोट भरतं, मात्र पाल्यावर पोसलेल्या त्या पोटाला ते मानवत नाही.

पोटापाठोपाठ वागणंही बदलतं. पाला रानभर पसरलेला, त्यामुळे त्यावरून भांडणं कमी. फुटाण्यांची मूठ मात्र एकाच जागी पडते. दांडगा नर आधी झडप घालतो आणि पिल्लाला पोटाशी धरलेली मादी उरलंसुरलं वेचायला डांबरावर उतरते. गाडी थांबली की खाऊ मिळतो, हे पिल्लू आईचं पाहूनच शिकतं. न थांबणारी गाडी त्याला ओळखता येत नाही.

नुकसान रानाचंही होतं. पश्चिम बंगालमधल्या बक्सा व्याघ्र प्रकल्पात लाल तोंडाच्या माकडांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांकडून आयतं खाणं मिळू लागल्यावर माकडांनी रानफळं कमी खाल्ली, बियांचा प्रसार घटला आणि कित्येक बिया डांबरी रस्त्यावर पडून वाया गेल्या.

आपल्याकडे रस्ते रुंद होताना कडेचे जुने वड, पिंपळ, कडुनिंब गेले. वानरांचं ताटच आपण उचललं. आता मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात गाडी थांबवून, मारुतीचं रूप म्हणून आपण केळी आणि वेफर्स पुढे करतो. त्यामागची श्रद्धा खरी आहे, पण त्या घासाने वानराचा जीव धोक्यात येतो.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावाने याहून थोर दान जपलं आहे. तिथे ग्रामपंचायतीच्या दप्तरी 32 एकर जमीन वानरांच्या नावावर आहे. पूर्वी गावात लग्न असलं की आधी वानरांना मान दिला जाई आणि मग विधी सुरू होत. त्या जमिनीवर वन विभागाने झाडंही लावली आहेत.

वानराला काही द्यायचंच असेल, तर झाड द्या. बांधावर एक उंबर लावा, पडीक जागेत एक वड वाढवा. आणि पुढच्या वेळी घाटातून जाताना गाडीचा वेग कमी करा, काच मात्र वरच ठेवा.