नागपूरच्या तलावकाठच्या चौपाट्या

नागपूर शहरातील तलावांच्या पाळींवर आणि काठांवर विकसित झालेल्या सार्वजनिक विरंगुळ्याच्या ठिकाणांना स्थानिक बोलीत चौपाटी असे म्हटले जाते. फुटाळा, अंबाझरी आणि गांधीसागर हे यासाठी प्रसिद्ध असलेले प्रमुख तलाव होत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, भारतीय द्वीपकल्पाच्या मध्यभागी वसलेले आहे. रेल्वेमार्गाने मुंबई येथून सुमारे ८४० किलोमीटर दूर आहे. सरळ रेषेत मोजल्यास अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर नागपूरला अधिक जवळ पडतो. परंतु मराठी कुटुंबाच्या मनातला समुद्र पश्चिमेचाच असल्याने ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाला कोकण गाठणे शक्य नसते. अशा वेळी नागपूरकरांची चौपाटी तलावाच्या काठी भरते.

नाव

चौपाटी हा शब्द मुंबईच्या गिरगाव चौपाटीमुळे रूढ झाला. चार पाट म्हणजे चार प्रवाह जेथे होते ती जागा, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. पुढे समुद्रकिनारा हा अर्थ मागे पडून, संध्याकाळी फिरायला येणारी माणसे आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या असलेली जागा, एवढाच अर्थ उरला. त्या अर्थाने हा शब्द समुद्र नसलेल्या गावांतही पोहोचला. विदर्भात जलाशयासाठी तळे यापेक्षा तलाव हा शब्द अधिक वापरला जातो, तर लहान तलावास बोडी म्हणतात. फुटाळ्याजवळील पांढराबोडी या वस्तीच्या नावात ही बोडी अजून टिकून आहे. पाणी मात्र तेथे राहिलेले नाही.

तलावांची निर्मिती

या चौपाट्यांविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या नैसर्गिक किनाऱ्यावर नाहीत. नागपूरचे तलाव मानवनिर्मित असून, वाहत्या पाण्याला मातीचा किंवा दगडी बांध घालून ते तयार झाले आहेत. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याच्या काळात जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधला गेला. फुटाळा भोसलेकालीन आहे. अंबाझरीच्या तलावातून एकोणिसाव्या शतकात शहराला पाणी पुरविले जाई. पुढे १९१२ मध्ये गोरेवाडा तलावाची योजना झाली आणि आज शहराची तहान मुख्यतः पेंच व कन्हान या नद्यांवर भागते. पाणीपुरवठ्याचे काम संपल्यावर तलाव फिरण्याचे ठिकाण झाले. पाळीचे काम मात्र संपलेले नाही.

फुटाळा

तेलंगखेडी तलाव या नावानेही ओळखला जाणारा फुटाळा शहराच्या पश्चिम भागात आहे. नागपुरात केवळ चौपाटी म्हटले, तर हीच अभिप्रेत असते. काठाच्या कठड्यावर बसून पाण्यापलीकडे पसरलेली झाडी व सूर्यास्त पाहणे हे येथील मुख्य आकर्षण. भाजलेली कणसे, पाणीपुरी, बर्फाचा गोळा व चहा यांच्या गाड्यांमुळे संध्याकाळी रस्ता फुलून जातो.

मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, येथे गारवा का जाणवतो, याचे कारण समुद्रकिनाऱ्याहून वेगळे आहे. समुद्रावर जमीन आणि पाणी यांच्या तापमानातील फरकामुळे दिवसा पाण्याकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. एवढ्या लहान तलावावर तसे वारे निर्माण होत नाहीत. येथे कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते आणि हवा थंड होते. नागपूरच्या प्रत्येक घरातील कूलर याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे हा गारवा पाण्याच्या अगदी जवळच लाभतो. रस्ता ओलांडला की तो संपतो.

येथे बसविलेल्या संगीत कारंज्याच्या आणि तरंगत्या बांधकामांच्या प्रकल्पावरून वाद झाला व तो न्यायालयात गेला. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी अथवा सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फुटाळा या व्याख्येत बसत नसल्याचे मान्य केले. तथापि मानवनिर्मित जलाशयही शासनाने जनतेच्या वतीने सांभाळावयाचा असतो, हे तत्त्व न्यायालयाने अधोरेखित केले.

अंबाझरी

अंबाझरी हा शहरातील मोठ्या तलावांपैकी एक असून नाग नदीच्या उगमाकडील पाणी त्यात येते. काठावर उद्यान आहे आणि पहाटे पाळीवर फिरणाऱ्यांची गर्दी असते. अलीकडच्या वर्षांत जलपर्णीने पाण्याचा मोठा भाग व्यापला आणि ती काढण्यासाठी महापालिकेला वारंवार मोहिमा घ्याव्या लागल्या.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. तलाव भरून सांडव्यावरून प्रचंड पाणी वाहू लागले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, शंकरनगर, सीताबर्डी या भागांत पाणी शिरले. मोरभवन बसस्थानकातील बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. या पुरात जीवितहानीही झाली. सांडव्याच्या समोरील बांधकामे, विशेषतः तेथील स्मारक, पाण्याच्या वाटेत येतात काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला आणि पाळीच्या मजबुतीकरणाची चर्चा सुरू झाली. ज्या पाळीवर आपण हवा खायला बसतो ती धरणाची भिंत आहे, याचे भान शहराला त्या पहाटे आले.

गांधीसागर आणि लकडगंज

लकडगंज हा पूर्व नागपुरातील भाग इमारती लाकडाच्या वखारी व आरा मशीनसाठी ओळखला जातो. या भागात स्वतःचा मोठा तलाव नाही. येथील रहिवाशांना जवळचे पाणी म्हणजे पश्चिमेस सुमारे अडीच ते तीन किलोमीटरवर असलेला गांधीसागर. शुक्रवारी तलाव हे त्याचे जुने नाव वयस्कर मंडळींच्या तोंडी अजून आहे. तलावासमोर १९९२ मध्ये सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र असल्याने, सुट्टीत मुलांना घेऊन दुपार केंद्रात व संध्याकाळ काठावर घालविता येते.

अंबाझरीला जाण्यासाठी मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका सोयीची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिचा प्रजापतीनगरपर्यंतचा पूर्वेकडील टप्पा सुरू झाला. टेलिफोन एक्स्चेंज किंवा आंबेडकर चौक स्थानकात बसून गाडी न बदलता सुभाषनगरला उतरता येते. त्यापूर्वी हाच प्रवास गांधीबाग, सीताबर्डीच्या गर्दीतून करावा लागे. फुटाळ्यासाठी मात्र पुढे रिक्षा अथवा स्वतःचे वाहन लागते.

पाळ आणि किनारा यांतील फरक

वाळूचा किनारा बहुधा हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे तेथे मुले पायापुरत्या पाण्यात खेळतात. तलावाची घडण याच्या उलट असते. बांध उताराच्या खालच्या टोकाला घातलेला असल्याने सर्वाधिक खोली पाळीलगतच असते, आणि माणसे बसतात तीही तेथेच. पाणी ज्या बाजूने येते तेथे तलाव उथळ असतो, पण तेथे गाळ साचलेला असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर हा गाळ वरून सुकलेला व आतून मऊ राहतो. त्यात पाय रुतला की काढणे कठीण. पोहता येणाऱ्यालाही येथे धोका असतो. समुद्रावर भरती-ओहोटी आणि लाटा धोक्याची सूचना देतात, तलावाचे पाणी मात्र शांत दिसते. म्हणून या चौपाट्यांवर पाण्यात उतरू नये आणि लहान मुलांना कठड्यावर उभे करू नये. छायाचित्रासाठी हे सर्रास केले जाते.

शहराबाहेर

दिवसभराच्या सहलीसाठी नागपूरकर रामटेकजवळील खिंडसी जलाशयावर जातात. सूर नदीवरील हा जलाशय शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असून तेथे नौकाविहाराची सोय आहे. पूर्वेस भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची मोठी परंपरा आहे. ते बांधण्यात कोहळी समाजाने मिळविलेले कौशल्य स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नागपूरच्या तलावांतून सुटलेले पाणी नाग नदीने कन्हानला, तेथून वैनगंगेला, प्राणहितेला आणि गोदावरीला मिळून अखेर बंगालच्या उपसागरात जाते.