फुकटच्या पत्त्यांचा हिशेब

रात्री मोटार चालू करून बांधावर बसलं, की मोबाईलवर पोकर नाहीतर रमीचा डाव टाकला जातो. "फुकट तर आहे, आपलं काय जातंय?" असं पोरं म्हणतात.

फुकटच्या पोकरमध्ये चिपा खोट्या असतात. हरण्याची भीती नसल्याने समोरचा कसाही खेळतो आणि आपण जिंकतो. हे आपलं कसब समजून पैशाच्या डावात उतरू नका. समजा, दहा जणांनी १०० रुपये लावले आणि चालवणाऱ्याने पाच टक्के कापले, तर १,००० चे ९५० उरतात. डावागणिक पैसा आटतो. वाटा फक्त चालवणाऱ्याचा पक्का.

जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची सभागृहातील रमीची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. तरी कृषी खाते इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कसबाचा असो वा नशिबाचा, चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. बिनपैशाचा खेळ त्यात येत नाही.

तेव्हा करमणूक जरूर करा. पण खेळाने बँक खाते वा ओटीपी मागितला, की तिथेच थांबा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचं ऊसबिल याच खात्यावर येतं. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा नंबर फलकावर लिहावा.