रंगविलेला पाट

आमच्या वडूजसारख्या गांवांत जुन्या घरांच्या माळ्यावर एखादा चित्रें काढलेला पाट, चौरंग किंवा देव्हारा अजूनहि आढळतो. दिवाळीच्या साफसफाईंत तो खालीं येतो, आणि फार जुनाट दिसतो म्हणून त्यावर बाजारचा तेलरंग फांसला जातो. असें करण्यापूर्वीं त्या वस्तूची घडण समजून घ्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.

लांकडावरील चित्रकामाविषयीं महाराष्ट्रांत सह्याद्रीपलीकडील सावंतवाडीची विशेष ख्याति आहे. तेथील चितारी कारागीर पाट, चौरंग, खेळणीं व गंजिफा रंगवीत आले. दशावतारी गंजिफांच्या संचांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० पानें असतात. छापील स्वस्त पत्ते आले आणि हातानें रंगविलेल्या गंजिफा मागें पडल्या. पुढें १९७१ च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच चित्रशाळा उघडून ही कला सांवरली.

अशा कामांत साधारणपणें चार थर असतात. तळाशीं लांकूड, त्यावर खडूची भुकटी व खळ यांचें गुळगुळीत अस्तर, मग चित्राचे रंग, आणि सर्वांवर लाखेचा चकचकीत लेप. ही लाख पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांपासून मिळते. हे थर नाजूक असतात. पाण्यानें खळ सैल होते, उष्णतेनें लाख मऊ पडते, व स्पिरिटांत ती विरघळते. लांकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. त्यामुळें रंगास भेगा जातात.

म्हणून जुन्या वस्तूवरील धूळ मऊ कोरड्या फडक्यानें अलगद टिपावी. जेथें पोपडे सुटले असतील तेथें फडकेंहि लावूं नये. ती ऊन, चूल व ओलसर भिंत यांपासून दूर ठेवावी. पॉलिशकागदानें घासणें तर सर्वथा वर्ज्य. एकदां तेलरंग बसला म्हणजे तो काढतांना खालचें चित्रहि बहुधा निघून जातें.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या अशा वस्तूविषयीं आजी-आजोबांस विचारावें, व तें उत्तर वहींत टिपून ठेवावें. नवा रंग बाजारांत केव्हांहि मिळतो. पुसलेलें चित्र मात्र कोणत्याहि दुकानीं मिळत नाहीं.