टर्बो गेला, की नळी फाटली?

जुन्या डिझेल गाडीची ताकद घटल्यास तपासणी कोठून सुरू करावी

घाटाचा चढ लागला, की एरवी चौथ्या गिअरमध्ये सहज वर जाणारी गाडी तिसऱ्यावर आणि मग दुसऱ्यावर आणावी लागते. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग वाढत नाही. मागून काळ्या धुराचा लोट निघतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या डिझेल गाड्यांच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. गॅरेजमध्ये तिचे निदान पुष्कळदा दोन शब्दांत होते, ‘टर्बो गेला’. त्यापाठोपाठ हजारो रुपयांच्या खर्चाचा अंदाज हाती पडतो. वास्तविक या लक्षणांमागे दर वेळी टर्बोचार्जरच असतो असे नाही. फाटलेली रबरी नळी, सैल झालेली क्लिप किंवा चोंदलेला एअर फिल्टर यांमुळेही गाडी अशीच मंदावते. त्यामुळे स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात करून टर्बोपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचणे, हाच निदानाचा योग्य क्रम होय.

टर्बोचे काम

इंजिनातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोचार्जरमागील कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. हवा अधिक मिळाली, की तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक डिझेल पूर्णपणे जळते आणि ताकद वाढते. दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करण्यासाठी अनेक गाड्यांत इंटरकूलर असतो. पुण्यात तयार होणारी टाटा सफारी (१९९८) आणि नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) यांसारख्या गाड्यांमुळे टर्बो डिझेल हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला.

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याला आधार असतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. म्हणजेच टर्बोचे आरोग्य तीन गोष्टींवर अवलंबून असते : स्वच्छ हवा, स्वच्छ ऑइल आणि गळती नसलेला मार्ग. बिघाड शोधतानाही याच तीन वाटा तपासाव्या लागतात.

धूर काय सांगतो?

पहिला पुरावा सायलेन्सरच्या तोंडाशी मिळतो. भार पडताच दाट काळा धूर येत असेल, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. चोंदलेला एअर फिल्टर, हवेची गळती, मंदावलेला टर्बो किंवा उघडाच राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह ही त्याची प्रमुख कारणे. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळत आहे. तेव्हा टर्बोचे सील आणि इंजिनाची झीज या दोन्हींचा विचार करावा लागतो.

धूर मुळीच नाही आणि ताकदही नाही, अशी स्थिती असल्यास संशय डिझेलच्या पुरवठ्याकडे वळतो. त्या वेळी डिझेल फिल्टर आधी बदलून पाहणे श्रेयस्कर. जुन्या यांत्रिक पंपाच्या काही इंजिनांत मॅनिफोल्डपासून पंपाकडे एक बारीक नळी जाते. टर्बोने हवेचा दाब वाढविला, की या नळीतून पंपाला त्याची सूचना मिळते आणि तो जादा डिझेल सोडतो. ही नळी तुटली, तर टर्बो ठणठणीत असूनही गाडी ओढत नाही.

आधी नळ्या, मग पाना

एअर फिल्टर पाहून झाल्यावर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्या तपासाव्यात. या नळ्यांना खालच्या बाजूने पडलेल्या चिरा इंजिन बंद असताना दिसत नाहीत. आत दाब आला की त्या उघडतात. चढावर नेहमीपेक्षा मोठी शिट्टी किंवा ‘फुस्स’ असा आवाज येणे, तसेच सांध्याभोवती ऑइलचा ताजा ओला डाग दिसणे, या गळतीच्या खुणा होत. संशयित भागावर साबणाचे पाणी टाकून मर्यादित दाबाची हवा सोडल्यास बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. इंटरकूलरचे सांधेही याच पद्धतीने तपासता येतात.

टर्बोच्या आधी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वायू निसटत असतील, तर चक्र फिरवणारा जोरच कमी होतो. तेथे काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो. उलट सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चोंदला असल्यास वायूंना बाहेर पडण्यास वाट मिळत नाही.

चाचणी रस्त्यावरच

गाडी जागेवर उभी करून रेस देणे ही टर्बोची परीक्षा नव्हे. भार नसताना एक्झॉस्टमध्ये पुरेशी ऊर्जा नसते आणि निरोगी टर्बोही पूर्ण दाब देत नाही. खरी चाचणी इनटेक मॅनिफोल्डला दाबमापक जोडून चढावर करावी लागते. अनेक गाड्यांत हा दाब पाऊण ते सव्वा बारच्या आसपास असतो; मात्र अंतिम आकडा त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतलाच मानावा. चाचणीच्या वेळी गाडी चालविणारा आणि मापक पाहणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात.

दाब पुरेसा असूनही ताकद नसेल, तर टर्बो निर्दोष ठरतो आणि शोध डिझेल पुरवठा, इंजेक्टर, इंजिनाचे कॉम्प्रेशन यांकडे वळवावा लागतो. दाब कमी आणि नळ्याही शाबूत, असे असल्यास पाळी येते नियंत्रण यंत्रणेची. साध्या टर्बोत जादा वायू बाजूने सोडणारी वेस्टगेट ही झडप उघडी अडकली, तर दाब तयार होत नाही. व्हेरिएबल जॉमेट्री प्रकारात काजळीमुळे आतल्या पात्या जाम होतात. अशा टर्बोचे नियंत्रण निर्वाताने होत असल्यास व्हॅक्यूम पंप आणि त्याच्या बारीक नळ्या पाहणे अनिवार्य ठरते. याच पंपावर अनेक गाड्यांच्या ब्रेकची मदतही अवलंबून असते. त्यामुळे ताकद घटण्याबरोबर ब्रेकचे पेडलही कडक लागू लागले असेल, तर गाडी तशीच चालवू नये.

संगणक नियंत्रित इंजिनात दिवा लागून ताकद एकदम कमी होते आणि चावी बंद करून पुन्हा लावल्यावर काही काळ परत येते. बिघाड ओळखून इंजिनाने स्वतःच घेतलेली ती सावध भूमिका असते. स्कॅनरवरील ‘दाब कमी’ हा संदेश केवळ परिणाम सांगतो. कारण मात्र नळ्यांपासूनच शोधावे लागते.

टर्बोची पाळी

एवढे झाल्यावरच टर्बोला हात लावावा. इंजिन बंद व थंड असताना हवेच्या बाजूची नळी काढून चक्र बोटाने फिरवून पाहावे. ते अडखळता कामा नये. दांड्याला आडवी किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. परंतु चक्र बाहेरच्या कवचाला घासत असेल, पाती तुटली असतील किंवा दांडा पुढे-मागे स्पष्टपणे हलत असेल, तर टर्बो निकामी झाल्याचे समजावे. नळीत ऑइलचा पातळ थर आढळणे हा मात्र पुरावा नव्हे. क्रँककेसच्या वाफेबरोबर थोडे ऑइल तेथे येतेच.

टर्बो बदलावा लागलाच, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसविणे म्हणजे खर्चाला पुन्हा आमंत्रण. ऑइल वेळेवर न बदलणे, ऑइलची नळी कार्बनने चोंदणे, परतीची वाट अडणे आणि फिल्टरला बगल देऊन धूळ आत जाणे, ही नेहमीची कारणे. जुन्या टर्बोचे धातूचे कण इंटरकूलरमध्ये राहिले, तर ते थेट इंजिनात जातात. म्हणून नव्या टर्बोबरोबर ताजे ऑइल, नवा ऑइल फिल्टर, स्वच्छ नळ्या आणि धुतलेला इंटरकूलर यांचा आग्रह धरावा.

दुर्लक्षाची किंमत

ताकद घटलेली गाडी घाटात ओव्हरटेक करताना दगा देते, हा धोका उघड आहे. याहून गंभीर प्रकार म्हणजे टर्बोचे सील फुटून ऑइल मोठ्या प्रमाणात इंजिनात ओढले जाणे. अशा वेळी इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गिअरची गाडी असल्यास ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. हवेच्या तोंडावर हात मुळीच ठेवू नये. म्हणूनच निळा धूर वाढत असेल आणि ऑइलची पातळी झपाट्याने उतरत असेल, तर गाडी उभी करून गॅरेजपर्यंत ओढून नेणेच शहाणपणाचे.

एरवी टर्बोचे आयुष्य वाढविण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल ठरलेल्या अंतरावर बदलणे, धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर पाहणे, घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन आयडलवर ठेवून मगच बंद करणे, एवढी पथ्ये पुरेशी आहेत. आणि गॅरेजमध्ये ‘टर्बो गेला’ असे ऐकू आल्यास वाहनधारकाने एवढेच विचारावे : चढावर दाब किती भरला आणि नळ्या तपासल्या का?